नानाकाकांची बोट

दिवाळीच्या आधी नानाकाकांची खोली आवरायला घेतली. ते जाऊन वर्ष झालं, पण काकूंना कशाला हात लावू देववत नव्हता. शेवटी त्यांनीच फोन केला, "ये गं, तू असलीस की होईल." म्हणून दोन दिवस पुण्याला गेले.

कॉटखाली ती काळी पत्र्याची ट्रंक होती. आमच्या घरातल्या सगळ्यांना ती माहीत आहे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं तिच्यावर बसून 'बोट बोट' खेळायचो. पण तिच्या झाकणावरचं लेबल मी कधी नीट वाचलं नव्हतं. पिवळं पडलेलं, एक कोपरा फाटलेला. वर मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज'. खाली बोटीचं नाव, त्यातलं फक्त 'स्ट्राथ' एवढंच शिल्लक. पुढचं गेलं.

माझ्या भाचीनं विचारलं, "मावशी, कुणाला नको होतं?"

तिला समजावून सांगितलं की त्या काळी बोटीवर सामानाचे दोन भाग व्हायचे. प्रवासात लागणारं केबिनमध्ये यायचं आणि न लागणारं तळातल्या कोठारात जायचं. मुक्कामाला पोचेपर्यंत त्याचं तोंड दिसायचं नाही. लेबल एवढंच सांगतं. पण तिचा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

ज्यांना काका माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९५८ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, डिप्लोमा आणि मोजके पौंड घेऊन ते मुंबईहून बोटीनं विलायतेला गेले. मिडलंड्समधल्या कारखान्यांत छत्तीस वर्षं काढली, त्यातली कितीतरी रात्रपाळीची. १९९४ ला निवृत्त होऊन परत आले. "सांगा ना इंग्लंडचं," असं म्हटलं की उत्तर ठरलेलं, "काय सांगायचं? कामाला गेलो, घरी आलो, पुन्हा कामाला गेलो." बस्स. आणि बोटीचं विचारा! मग चहा गार व्हायचा, काकू आतून दोनदा हाक मारायच्या, पण काका अजून एडनलाच असायचे. छत्तीस वर्षांचं एक वाक्य आणि सोळा-सतरा दिवसांचं महाभारत. हे असं का, याचा मी कधी विचारच केला नव्हता. ट्रंक बघितल्यावर केला.

आधी बोट कुठली ते शोधू म्हटलं. 'स्ट्राथ' म्हणजे पी अँड ओ कंपनीच्या पाच बोटी. स्ट्राथनेव्हर, स्ट्राथएअर्ड, स्ट्राथमोर, स्ट्राथईडन आणि स्ट्राथॲलन. पहिली १९३१ ची, शेवटची १९३८ ची. प्रत्येकी बावीस-तेवीस हजार टनांच्या. कंपनीच्या आधीच्या बोटी काळ्या रंगाच्या असत. या पांढऱ्याशुभ्र, वर पिवळसर धुराडी. लंडन, सुएझ, मुंबई, कोलंबो आणि पुढे ऑस्ट्रेलिया, अशी त्यांची ये-जा. स्ट्राथॲलन डिसेंबर १९४२ मध्ये भूमध्य समुद्रात पाणतीराला बळी पडली. म्हणजे १९५८ ला उरल्या चार. काका नेहमी सांगायचे की वरच्या डेकवर दोरी लावलेली असायची, पलीकडे पहिला वर्ग, तिकडे आपण जायचं नाही. स्ट्राथनेव्हर आणि स्ट्राथएअर्ड १९५४ पासून एकाच वर्गाच्या झाल्या होत्या, तिथे दोरीचं कामच नव्हतं. म्हणजे स्ट्राथमोर किंवा स्ट्राथईडन. बाबा म्हणतात स्ट्राथईडन. काकू म्हणतात स्ट्राथमोर. हा वाद आमच्या घरात आता कायमचा राहणार.

या बोटींची एक गंमत मला फार आवडली. पहिल्या दोघींना तीन-तीन धुराडी होती, पण धूर फक्त मधल्यातून यायचा. पुढचं आणि मागचं शोभेचं! तीन धुराड्यांची बोट जास्त भारदस्त आणि वेगवान वाटते म्हणून लावलेली. युद्धानंतर ती काढून टाकली. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला आपली बोट मोठी दिसावीशी वाटते, हे कंपनीला बरोबर कळलं होतं. आमच्या आजोबांनी काकांसाठी सूट शिवून घेतला तोही याच हिशेबानं. तो सूट त्यांनी कारखान्यात कधी घातला असेल?

आकारानं या काही जगातल्या सर्वांत मोठ्या बोटी नव्हेत. अटलांटिकवरची क्वीन मेरी ऐंशी हजार टनांच्या वर होती, हजार फुटांहून लांब. ती अजून कॅलिफोर्नियात लाँग बीचला उभी आहे, लोक तिच्यात हॉटेलसारखे राहतात. पण क्वीन मेरी चार-पाच दिवसांत न्यूयॉर्कला पोचायची. आपल्या बोटी दोन आठवड्यांच्या वर घ्यायच्या. माणसाला स्वतःचं गाव विसरायला आणि पुढचं गाव अजून दिसू न लागायला एवढे दिवस लागतात, असं मला आता वाटतं.

निघायची जागा बॅलार्ड पियर. एकेकाळी आगगाडी थेट धक्क्यापर्यंत जायची. १९२८ ला सुरू झालेली फ्राँटियर मेल हिवाळ्यात तिथूनच सुटायची, म्हणजे बोटीतून उतरलेला साहेब गाडीत बसून थेट पेशावरच्या वाटेला लागायचा. काकांच्या वेळी ही शान उरली नव्हती. आमच्याकडून सोळा माणसं पोचवायला गेली होती. आजीनं हातावर दही घातलं, नारळ दिला. बाबा तेव्हा अकरा वर्षांचे. त्यांना आठवतं ते असं : भोंगा वाजला, सगळी बायकामाणसं रडायला लागली आणि बोट हललीच नाही. अर्धा तास तशीच. रडून रडून सगळ्यांचं रडं संपलं, आत्या म्हणाली भूक लागली, आणि लोक शेंगदाणे खायला लागल्यावर केव्हातरी लक्षात आलं की मधे पाणी दिसतंय. आजोबा तेवढे शेवटपर्यंत कठड्याशी उभे होते.

आपण मराठी माणसं या बोटींकडे बघतो ती इतिहासाच्या पुस्तकातून. सर्वांत आधी आठवते मोरिया. जुलै १९१०, मार्सेय बंदर, शौचालयाच्या गोल खिडकीतून सावरकरांनी मारलेली उडी. मोरिया ही पी अँड ओची चांगली सजवलेली प्रवासी बोट होती, हे मात्र माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. वर लोक चहा पीत असतील आणि त्याच बोटीत एक कैदी खिडकीचं माप डोळ्यांनी घेत होता. पुढे ते प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं आणि १९११ च्या फेब्रुवारीत निकाल ब्रिटिशांच्या बाजूनं लागला.

मग १९३०. पहिल्या गोलमेज परिषदेला डॉ. आंबेडकर गेले ते व्हाइसरॉय ऑफ इंडिया या बोटीनं. त्या वेळची ती कंपनीची सर्वांत दिमाखदार बोट, विजेच्या मोटारींवर चालणारी, आत पोहण्याचा तलाव. ज्या माणसाला स्वतःच्या देशात सार्वजनिक तळ्यातलं पाणी पिण्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागला होता, तो तीन वर्षांनी अशा बोटीतून चालला होता, याचा विचार करत मी बराच वेळ बसले.

पुढच्या वर्षी, २९ ऑगस्ट १९३१ ला, गांधीजी राजपुताना बोटीनं निघाले. त्यांनी बोटीवरचा सर्वांत खालचा वर्ग घेतला आणि बहुतेक वेळ डेकवरच काढला. तिथेच झोप, तिथेच प्रार्थना. बरोबरच्या मंडळींनी केवढं सामान आणलंय हे पाहून ते रागावले आणि एडनहून त्यातलं बरंचसं परत पाठवायला लावलं. नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज!

स्वातंत्र्यानंतर बोटी त्याच राहिल्या, माणसं बदलली. अमर्त्य सेन १९५३ ला केंब्रिजला गेले ते मुंबईहून स्ट्राथनेव्हरनं. त्याच वर्षी उलट दिशेनं, १२ फेब्रुवारीला इंग्लंडहून निघालेल्या स्ट्राथईडनवर एव्हरेस्ट मोहिमेची मुख्य तुकडी होती. २८ तारखेला ती मुंबईला उतरली. हिलरी त्यात नव्हते, ते न्यूझीलंडहून परस्पर आले. तरी बाबांचा स्ट्राथईडनवर एवढा जीव का, ते यावरून कळेल. त्यांना आपला भाऊ एव्हरेस्टवाल्यांच्या बोटीतून जायला हवा आहे.

पण काका काय सांगायचे? ते यातलं काहीच सांगत नसत. ते सांगायचे खालच्या मजल्याचं.

केबिन चौघांची, पाण्याच्या पातळीखाली, खिडकी नाही. हवा यायची ती छतातल्या गोल तोटीतून. तिला बोटीवर 'पंखा लूव्हर' म्हणतात. हा आपलाच पंखा, साहेबाच्या तोंडात जाऊन परत आलेला. पहिले तीन दिवस काकांना बोट लागली. (आपल्याकडे बोट धक्क्याला लागते आणि माणसालाही लागते, भाषेची कमाल आहे.) चौथ्या दिवशी त्यांच्या टेबलाचा गोवेकर वाढपी हळूच म्हणाला, "कसो आसा?" आणि त्या रात्री केबिनच्या दारात झाकलेली ताटली. भात आणि माशांची आमटी. खलाशांच्या भंडाऱ्याकडची. बोटीवर भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. काका म्हणायचे, "त्या आमटीनं मला उभं केलं. साहेबाच्या सुपानं नाही."

हा वाढपी एकटा नव्हता. पी अँड ओच्या जेवणघरांतला सगळा कारभार पिढ्यान् पिढ्या गोवेकरांच्या हातात होता. मुंबईत धोबीतलावच्या आसपास त्यांचे गावोगावचे कूड होते. कूड म्हणजे क्लब म्हणा, खोली म्हणा. एका सफरीहून परतलेला माणूस दुसरी मिळेपर्यंत तिथे ट्रंक टाकून राहायचा. डेकवरच्या खलाशांत रत्नागिरीकडचे मुसलमान पुष्कळ. त्यांचा मुकादम तो सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल. हे शब्द आपल्या किनाऱ्यावरचे, पण लंडनच्या गोदीतही चालायचे. गोऱ्या खलाशाच्या मानानं यांचा पगार अगदीच थोडा. जागेचंही तसंच. कायद्यानं ब्रिटिश खलाशाला झोपायला ७२ घनफूट जागा द्यावी लागायची, हिंदी खलाशाला ३६ घनफूट पुरे, असा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा नियम होता आणि त्यावरून तेव्हा वादही झाला होता. वर नाचघर, पाम कोर्ट, पांढरे हातमोजे. त्या सगळ्याच्या खाली आपलं कोकण आणि गोवा अर्ध्या जागेत अंग मुडपून निजलेलं.

मग या बोटींचं कौतुक करावं की नाही? मला दोन्ही वाटतं, एकाच वेळी. काकांनाही वाटत असावं. तो वाढपी आपल्याला 'सर' म्हणतो याची त्यांना लाज वाटायची, असं ते एकदा म्हणाले होते. आणि पुढच्याच वाक्यात, "पण जन्मात पहिल्यांदा कुणी म्हटलं होतं गं."

बोट ऑस्ट्रेलियाहून येत असल्यामुळे टूरिस्ट वर्गात लंडन बघायला निघालेली ऑस्ट्रेलियन पोरंपोरी भरलेली. त्यांनी काकांना डेक टेनिस शिकवलं, म्हणजे जाळीवरून दोरीची कडी फेकायची आणि झेलायची. तांबड्या समुद्रात उकाडा असह्य झाला तेव्हा सगळे गाद्या घेऊन डेकवर झोपायला आले. सुएझच्या कालव्यात रात्री बोटीच्या नाकाशी मोठा दिवा लावलेला, दोन्हीकडे वाळू, आणि एक उंट बोटीच्या बरोबरीनं चालतोय. (काकांच्या गोष्टीत दर वर्षी एक उंट वाढायचा.) पोर्ट सैदला बोटीवर जादूगार चढायचे, 'गली गली' म्हणत कोंबडीची पिल्लं खिशातून काढायचे. तिथलं सिमोन आर्त्झचं मोठं दुकान सगळ्या बोटवाल्यांना ठाऊक. काकांनी तिथे काही घेतलं नाही. बघितलं मात्र सगळं.

'पॉश' हा शब्द या बोटींवरून आला, असं पुष्कळ जण सांगतात. जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची केबिन, म्हणजे सावलीची बाजू, आणि श्रीमंतांच्या तिकिटांवर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' ची आद्याक्षरं. गोष्ट छान आहे, पण असं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही आणि शब्दकोशवाले ती मानत नाहीत. मला त्यातला 'होम' खटकला. कंपनीच्या भाषेत मुंबईहून लंडनकडे जाणारी बोट 'होमवर्ड', घराकडे निघालेली. आमचे काका घर सोडून चालले होते त्या फेरीचं नाव घरवापसी!

आणि घड्याळाची गोष्ट. ती त्यांची सर्वांत लाडकी. पश्चिमेला जाताना बोटीवरची घड्याळं थोडी थोडी मागे करत नेतात. पंधरा-सोळा दिवसांत मिळून साडेपाच तास होतात. काका म्हणायचे, "ते साडेपाच तास माझे. कुणाचं देणं नाही, कुणाला हिशेब नाही."

हिशेब हा शब्द त्यांनी उगाच वापरला नव्हता, हे मला त्या दिवशी ट्रंक उघडल्यावर कळलं. आत लोकरीचा मफलर, दोन पुस्तकं आणि एक मेन्यूकार्ड, बोटीवरच्या निरोपाच्या जेवणाचं. खाण्याच्या यादीला कुणी हात लावलेला नाही. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलनं आकडे आहेत, काकांच्या बारीक अक्षरात. तिकिटाचे कर्ज. आईच्या पाटल्या सोडवणे. माई (लग्न). कुसुम (लग्न). धाकट्याचे शिक्षण, म्हणजे आमचे बाबा. प्रत्येकापुढे पौंड, मग रुपये, मग दरमहा किती. बेरीज करायला घेतली आहे आणि मध्येच सोडली आहे. बाजूला तिरकं लिहिलंय, 'टेनिस ४ वाजता'.

बाबांना तो कागद दाखवला. ते काही बोलले नाहीत. चष्मा पुसला, परत घातला, परत बघितला. त्यांच्या शिक्षणापुढे २२ महिने लिहिलं होतं. प्रत्यक्षात पैसे सात वर्षं येत होते.

काका निघाले त्याच वर्षी, ४ ऑक्टोबर १९५८ ला, ब्रिटिश विमान कंपनीच्या कॉमेट विमानांनी लंडन-न्यूयॉर्क जेट सेवा सुरू केली. १९६० ला एअर इंडियाची बोइंग विमानं आली. खेळ तिथेच संपला होता, बोटी आणखी काही वर्षं फिरत राहिल्या इतकंच. १९६७ च्या युद्धात सुएझ बंद पडला तो आठ वर्षं. तोवर मुंबई-विलायत बोटीचा प्रवास बहुतेक लोकांच्या आठवणीपुरता उरला.

आता बॅलार्ड पियरला क्रूझ बोटी लागतात. आमच्या सोसायटीतले लोक जाऊन येतात, फोटो टाकतात. त्या बोटींपुढे स्ट्राथमोर म्हणजे होडी वाटेल. पाण्याच्या घसरगुंड्या, थिएटर, चोवीस तास खाणं. मजा असणार, मी नाकं मुरडत नाही. पण क्रूझ म्हणजे प्रदक्षिणा. निघालो तिथेच परत. काकांची बोट ही पाठवणी होती. तिच्यावरचा नाच, खेळ, निरोपाचं जेवण, सगळं कशाच्या तरी आधीचं होतं. इकडचं कर्ज मागे राहिलं होतं, तिकडची रात्रपाळी अजून लागायची होती, आणि मधले सोळा-सतरा दिवस कुणी पत्र पाठवून काही मागू शकत नव्हतं. तेवढे दिवस ते कुणाचेच थोरले नव्हते.

१९६४ ला आजी गेली. तार मिळाली तेव्हा काकांकडे विमानाचे पैसे नव्हते आणि बोटीला वेळ नव्हता. १९७१ ला आजोबांच्या वेळी विमानानं आले, तरी एक दिवस उशीर झाला. "जाताना दिलेले साडेपाच तास विमानानं एका रात्रीत काढून घेतले," एवढंच म्हणाले होते.

स्ट्राथमोर आणि स्ट्राथईडन, दोघीही १९६३-६४ मध्ये एका ग्रीक मालकाला विकल्या गेल्या. त्यानं त्या हज यात्रेकरूंसाठी वापरल्या. एकीचं नाव मारियाना लात्सी ठेवलं, दुसरीचं हेन्रिएटा लात्सी. आणि १९६६ ला कोण जाणे का, दोघींची नावं आपसात बदलून टाकली! १९६९ ला इटलीत ला स्पेत्सियाला दोघीही मोडीत निघाल्या. तेव्हा बाबा आणि काकू, तुम्ही दोघं भांडत राहा. शेवटी-शेवटी बोटींनाच आपण कोण ते ठाऊक नव्हतं.

काकू स्वतः १९६२ ला लग्नानंतर गेल्या त्या विमानानं. "मला कुठली बोट," त्या म्हणाल्या, "मी विमानात झोपले आणि उठले तर लंडन. उतरल्यावर दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाला लागले. यांची बोट आयुष्यभर ऐकली मी. एकदा तरी मला न्यायचं होतं त्या बोटीवर." मग थोड्या वेळानं, "तोवर नव्हतीच म्हणा ती."

ट्रंकेचं काय करायचं विचारलं. भंगारवाला घेईल, असं बाबा म्हणाले. काकूंनी मफलर आणि मेन्यूकार्ड परत आत ठेवलं, वर हिवाळ्याच्या गोधड्या रचल्या. मी लेबलाचा सुटलेला कोपरा गोंदानं चिकटवून दिला आणि आम्ही दोघींनी मिळून ती परत कॉटखाली ढकलली.